मला पाच नंबर म्हणतात

मी एक रकाना बोलतोय. कागदावरचा नव्हे, कॉम्प्युटरच्या आतला. माझं नाव ‘जवळचा मोबाईल’. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणाच्या तोंडून ऐकायला मिळेल अशी आशा मी सोडली आहे.

माझा मुक्काम भोकरदनच्या एका खासगी दवाखान्यात. दारातून आत आलं की समोर काउंटर, काउंटरखाली टेबलाच्या पायाशी एक काळी पेटी, आणि त्या पेटीत मी. शेजारी काउंटरवरच्या बाईंच्या चपला आणि डब्याची पिशवी. फरशी पुसणारी आली की माझ्या अंगावर फिनेलचे शिंतोडे उडतात. बायकांच्या वॉर्डचं दार काउंटरच्या पाठीलाच आहे. त्यामुळे काउंटरवर कोण काय बोललं, दाराजवळच्या खाटेवर कोण कण्हलं, सगळं माझ्या कानावर पडतं. बोलता मात्र येत नाही. कुणी विचारलं तरच सांगायचं, आणि विचारलं तेवढंच सांगायचं, असा आमचा जन्मापासूनचा नेम आहे.

आम्ही रकाने सगळे एका तक्त्यात राहतो. शाळेच्या हजेरीपटात उभे रकाने असतात ना, तसेच. एक पेशंट आला की एक आडवी ओळ वाढते. त्या ओळीतलं नाव एका रकान्यात, गाव दुसऱ्यात, वय तिसऱ्यात, असं ज्याचं त्यानं सांभाळायचं. माझ्याकडे मोबाईल नंबर. पेशंटचं काही बरंवाईट झालं तर ज्याला पहिल्यांदा कळवायचं, त्या माणसाचा.

मला जन्माला घातलं प्रीतीनं. भोकरदनचीच मुलगी, जालन्याला कॉम्प्युटर शिकून आलेली. दवाखान्याचा हा सगळा प्रोग्राम तिनं लिहिला. लिहिण्याआधी ती काउंटरवर येऊन बसली आणि पुष्पाबाईंना विचारत राहिली की तुम्हाला काय काय लागतं. पुष्पाबाई या काउंटरवरच्या सगळ्यात जुन्या बाई. त्या म्हणाल्या, “पेशंट घाबरला की पैले फोन कुणाला लावायचा ते समजलं पाह्यजे बघ. बाप, नवरा, भाऊ, कुणीबी असू दे. पण जवळचं पाह्यजे. नुसतं नातेवाईक म्हणलं की लोक शेजाऱ्याचा नंबर देऊन राह्यलेत.”

प्रीती हसली आणि तिनं माझं नाव ‘जवळचा मोबाईल’ ठेवलं. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. रांगेत मी शेवटी उभा होतो, पण नाव सगळ्यांत गोड माझंच होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो, ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एखाद्या पेशंटची माहिती मागितली की त्याची ओळ बाहेर येते. त्या ओळीतलं आपल्याला हवं ते उचलायच्या दोन रीती आहेत. एक नावानं. ‘जवळचा मोबाईल’ काय आहे ते दे, असं म्हणायचं. दुसरी जागेवरून. पाचव्या जागेवर जे काही असेल ते दे, असं म्हणायचं. ही कॉम्प्युटरवाली मंडळी मोजायला शून्यापासून सुरुवात करतात, म्हणून रांगेत सहावा असून मी पाच नंबर.

प्रीती आम्हाला नावानं हाक मारायची. नोंद करताना नावानं, वाचताना नावानं. नावानं हाक मारली की रांगेत कुठेही उभं करा, पुढे मीच येणार. त्या दिवसांत मी किती जणांना दवाखान्याच्या दारात आणून उभं केलं असेल. बाळंतिणीचे नवरे धावत आले, म्हाताऱ्यांची लेकरं आली, रुसून बसलेला एक भाऊ आला. मी काही केलं असं नव्हे, हाक मारल्यावर ओ दिली एवढंच.

मग प्रीतीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली आणि आम्ही सोमेश्वरच्या हाती आलो. बाजारपेठेत त्याचं दुकान आहे. प्रिंटर, कॅमेरे, मोबाईलची काच, सगळं तो बघतो. मुलगा वाईट नाही, पण कायम एक पाय गाडीवर. काउंटरवरचा स्क्रीन हळू चालतो अशी डॉक्टरांची तक्रार होती, म्हणून त्यानं तो भाग नव्यानं लिहायला घेतला. नोंद करण्याचा भाग प्रीतीचा तसाच ठेवला. वाचण्याचा भाग त्यानं आपल्या पद्धतीनं केला. शेजारी उभ्या मित्राला म्हणाला, “एवढाली नावं कोण टाईप करत बसतं? आकडा टाकला की झालं जल्दी.”

त्या दिवसापासून मी पाच नंबर झालो. पहिल्यांदा फार लागलं. मग वॉर्डातलं बोलणं ऐकून मनाची समजूत घातली. तिथेही “चार नंबरचं सलाईन संपलं”, “दोन नंबरला डबा आलाय” असंच चालायचं. जिवंत माणसांची ही गत, तर माझ्यासारख्यानं रुसून कुठे जायचं? पाच दे म्हटलं की मी नंबर द्यायचो. काम अडत नव्हतं.

अडलं ते डॉक्टरांच्या एका सांगण्यावरून. डॉक्टर अण्णासाहेब म्हणजे गोड बोलणारा माणूस. खेड्यापाड्यांतून पेशंट आणतात ते बहुतेक जीपवाले, रिक्षावाले, गावातले कंपाउंडर. त्यांची विचारपूस ठेवावी लागते, दिवाळीला शुभेच्छा द्याव्या लागतात, नाहीतर पुढचा पेशंट शेजारच्या दवाखान्याच्या दारात उतरतो. म्हणून डॉक्टर सोमेश्वरला म्हणाले, “पेशंट कोणी आणला त्याचा मोबाईल पण घेत जाऊ आपण. माझ्या यादीत तो आजाराच्या शेजारीच दिसू दे. कोण कसले पेशंट आणतो ते कळत जाईल.”

सोमेश्वरनं उभ्याउभ्या काम केलं. ‘आणणाऱ्याचा मोबाईल’ नावाचा नवा रकाना आणला आणि आजाराच्या शेजारी, माझ्या पुढे, उभा केला. मी एक पाऊल मागे सरकलो. आता पाचव्या जागेवर तो, सहाव्यावर मी. काउंटरचा स्क्रीन मात्र अजून पाचच मागत होता. नव्या रकान्यातही मोबाईलच, माझ्यातही मोबाईलच. दिसायला दोन्ही सारखे. तिथे गाव किंवा वय उमटलं असतं तर कुणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं. दहा आकड्यांच्या जागी दहा आकडे आले, तेव्हा कुणाला काय कळणार?

आणि बहुतेकांना घरच्याच माणसानं आणलेलं असतं. दोन्ही रकान्यांत एकच नंबर. त्यामुळे फोन लागत राहिले, माणसं येत राहिली, आणि चूक तिथेच बसून राहिली. मी मागच्या जागेवरून पाहत होतो. कुणाची तरी पाळी येणार हे मला कळत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

पाळी साळूबाईची आली.

साळूबाई डोंगराकडच्या एका खेड्यातली. छातीत दुखायला लागलं म्हणून मुलगा रामकिसन तिला भुजंगच्या जीपमधून घेऊन आला. हा भुजंग त्याच गावचा, भोकरदनचं भाडं मारणारा. पुष्पाबाईंनी नोंद घ्यायला सुरुवात केली. कोणी आणलं, तर भुजंग. त्याचा नंबर नव्या रकान्यात गेला. मग डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणायला रामकिसन बाहेर पडला आणि पुष्पाबाईंनी विचारलं, “मावशी, जवळच्या माणसाचा नंबर कुणाचा घालू? पोराचाच ना?”

साळूबाईनं आधी दाराकडे पाहिलं. मग काउंटरवर वाकली. “न्हाई. लेकीचा लिही.”

“पोरगा तर इथंच हाय तुमचा.”

“हाय की. पण तू लेकीचा लिही. अर्पिता नाव हे तिचं.”

नंबर तिला पाठ होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नंबर पाठ. लेकीनंच करून घेतला होता, चुलीपुढे बसून. भाकरी थापताना दोन-दोन आकड्यांच्या जोड्या म्हणायच्या आणि प्रत्येक जोडीला परातीत एक थाप द्यायची. काउंटरवरही तिनं तसाच सांगितला, लाकडावर तळहातानं हळू थापत. पुष्पाबाईंनी माझ्यात लिहून घेतला.

“आता वाचून दाखव,” साळूबाई म्हणाली.

पुष्पाबाईंनी वाचला. साळूबाई डोळे मिटून थापा जुळवत होती. शेवटची थाप जुळल्यावर म्हणाली, “बराबर हाय.”

मग छाती दुखत असतानाही ती थोडी बोलली. जे बोलणं घरात बंद असतं, ते माणूस परक्यापाशीच बोलतं. “तिनं तिच्या मनानं लग्न केलं माय. जावई मास्तर हे, नागसेन नाव. माणूस चांगला म्हणतेत सगळे. पण आमच्यातला न्हाई. मंग घरात तिचं नाव काढायचं बंद झालं. दुसऱ्या कुणाला काय म्हणू? मीच म्हणले होते तिला, मी मेले तरी येऊ नको. तवापून तिनं फोन लावला न्हाई अन् मी बी न्हाई.” ती थांबली. “मला काही झालं तर तू लाव. येतीय का बघ. रामकिसनला सांगू नको.”

“न्हाई सांगत,” पुष्पाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रामकिसन औषधं घेऊन आला आणि बोलणं मिटलं. साळूबाईला दाराजवळची खाट मिळाली. त्याच संध्याकाळी पुष्पाबाई रजेवर गेल्या. त्यांच्या स्वतःच्या लेकीचं परतूरला बाळंतपण होतं. जाताना काउंटरवर आलेल्या बेबीनंदाला त्यांनी किल्ल्या दिल्या, चहाच्या थर्मासचं झाकण गळतं ते सांगितलं. साळूबाईचं काही सांगितलं नाही. सांगायची गरज काय होती? नंबर तर लिहून ठेवला होता.

सकाळी साळूबाईला बरं वाटत होतं. घरी मिरचीचा तोडा चालू होता, बाया लावलेल्या होत्या, म्हणून रामकिसन “सांजच्याला येतो” म्हणून गावाकडे गेला. दुपारी तिला पुन्हा घाम फुटला. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि बाहेर येऊन बेबीनंदाला म्हणाले, “नातेवाइकांना बोलावून घ्या. लगेच.”

बेबीनंदानं साळूबाईची ओळ उघडली. स्क्रीननं मागितलं, पाच दे.

मी सहाव्या जागेवर उभा होतो. अर्पिता माझ्यापाशी होती, दहाच्या दहा आकड्यांनिशी. एकदा, फक्त एकदा कुणी ‘जवळचा मोबाईल’ म्हटलं असतं. पण आमच्यात ओरडायची सोय नाही. पुढचा रकाना पाऊल टाकून गेला. त्याचाही दोष नव्हता, त्याला बोलावलं म्हणून तो गेला. स्क्रीनवर ‘नातेवाईक’ या शब्दापुढे भुजंगचा नंबर उमटला.

“हॅलो, दवाखान्यातून बोलतेय. साळूबाईचे नातेवाईक ना? त्यांना जास्त झालंय. लगेच या.”

भुजंगच्या मागे गाड्यांचा आवाज होता. “मी सिल्लोडला हाय ना मॅडम. बरं, बरं. सांगतो. येतेत.”

“जल्दी या.”

“हां, निघतोच.”

पेशंट आपण आणला म्हणून दवाखाना आपल्यालाही कळवतोय, घरच्यांना वेगळा फोन गेलाच असेल, असं तो समजला. आणि बेबीनंदा समजली की घरचं माणूस निघालं. दोघांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आतून साळूबाईनं विचारलं, “लागला का गं फोन?”

“लागला मावशी.”

“कोण बोललं? बाई का गडी?”

“गडी होता. निघतो म्हणले.”

 मग साळूबाईच्या तोंडावर जे हसू आलं, ते बेबीनंदालाही दिसलं असणार, कारण तीही हसली. जावयानं फोन उचलला, असं साळूबाईला वाटलं होतं. ज्याचं नाव घरात काढत नव्हते त्यानं उचलला, आणि निघतो म्हणाला. हे ती बोलून दाखवू शकत नव्हती. शेजारच्या खाटेवर तिच्याच गावाकडची बाई होती. ती नुसती “बरं बरं” म्हणाली.

मग तिनं आयाकडून वेणी घालून घेतली. पदर नीट करायला लावला. खाटेजवळच्या स्टुलावर पिशवी ठेवली होती, ती खाली ठेवायला लावली. “कुणी आलं तर बसायला पाह्यजे,” म्हणाली. आणि बसस्टँडकडून हॉर्न आला की विचारायची, “बस आली का गं?” बेबीनंदा म्हणायची, “येऊन राह्यल्यात मावशी बसा.”

बसा येत होत्या, माणसं उतरत होती. कुणी डोळे दाखवायला येत होतं, कुणी इंजेक्शनला. बाहेरच्या दाराची कडी वाजली की दाराजवळची खाट कुरकुरायची. मी ते ऐकत होतो. माझ्याएवढं हतबल त्या दवाखान्यात त्या दुपारी कुणी नव्हतं, जिचं दुखत होतं तीसुद्धा नाही. तिला निदान आशा होती.

ऊन उतरलं तसा तिचा श्वास लागला. बेबीनंदा डॉक्टरांना फोन लावत होती. तेव्हा साळूबाई स्वतःशीच बोलली. ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. “न्हाई आली. माझ्यावरच गेली ती.”

रागानं नाही म्हणाली. लेकीचं नाक आपल्यासारखं आहे असं म्हणावं, तसं म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही. डॉक्टर धावत आले, त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. भुजंगनं गावात पोचून निरोप दिल्यावर रामकिसन त्याच्याच जीपमधून आला, तेव्हा आयानं साळूबाईच्या अंगावर चादर ओढलेली होती.

अर्पिता आली ती सगळं उरकल्यानंतर. भावानं कळवलंच नव्हतं. गावातल्या कुण्या मैत्रिणीनं उशिरा फोन केला, तोवर सावडूनही झालं होतं. नागसेन बरोबर होता. दोघं काउंटरपुढे उभी राहिली. माझी आणि तिची पहिली भेट. मी तिचा नंबर घेऊन बसलो होतो, आणि ती स्क्रीनच्या काचेपलीकडे उभी होती.

“मला एकच इचारायचंय ताई,” ती बेबीनंदाला म्हणाली. “साळूबाईचं जास्त झालं तवा तुम्ही फोन कुणाला केला होता?”

बेबीनंदा सरळ मनाची. तिनं ओळ उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. “हा बघा. ह्याच्यावर केला. एक गडी माणूस बोलले.”

अर्पितानं नंबर वाचला. मोबाईलमध्ये टाकून पाहिला. “हा तर भुजंगदादाचा हे. आमच्या गावचा जीपवाला.”

“पेशंटनं सांगितलेलाच नंबर असतो ताई इथं.”

“तिला माझा पाठ होता.” एवढं बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, “पाठ असून न्हाई दिला.”

नागसेन म्हणाला, “अर्पिता, दुखण्यात माणसाला आठवत नसतं.”

“तिला आठवला नसंल असं होतच न्हाई. मी मेले तरी येऊ नको म्हणली होती. तसंच केलं तिनं.”

बेबीनंदाला वाईट वाटलं. काहीतरी सांगावं म्हणून ती म्हणाली, “शेवटाला शांत होत्या. वेणी घालून घेतली. खाटेजवळ स्टूल ठेवायला लावलं. कुणाची तरी वाट बघत होत्या.”

“रामकिसनची बघत असंल.”

वॉर्डाच्या दारातून ती खाट दिसत होती. तिच्यावर दुसरी कुणी पेशंट होती आणि स्टुलावर तिची सून बसून मोसंबी सोलत होती. अर्पिता त्या स्टुलाकडे पाहत राहिली. मग नागसेननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती दोघं बसस्टँडकडे गेली.

देवा, एक हाक पुरे होती. त्या प्रोग्राममध्ये पाचाच्या जागी माझं नाव असतं तर साळूबाईनं त्या दुपारी लेक पाहिली असती. निदान त्या काउंटरपुढे तरी लेकीला आई सापडली असती. दोघी एकमेकींकडे निघाल्या होत्या, आणि वाट माझ्या अंगावरून जात होती.

चूक उघडी पडली ती भुजंगमुळे. तो एक दिवस काउंटरवर येऊन ताडताड बोलला. “मॅडम, तुम्ही समद्या पेशंटसाठी मला काहून फोन करून राह्यले? काल त्या बाळंतिणीचं मला सांगितलं. मी काय साऱ्या तालुक्याचा नवरा हाय का?” बाकड्यावरची माणसं हसली. बेबीनंदा हसली नाही. तिनं सोमेश्वरला बोलावून घेतलं.

सोमेश्वरनं खुर्चीत बसून थोडं खालीवर केलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, तो नवा रकाना मधी घातला ना आपण. एका आकड्याचा तर प्रश्न हे.” त्यानं पाच पुसून सहा केलं. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. आता तरी नाव लिहील, आता तरी लिहील. त्यानं सहा लिहिलं आणि चहा मागवला.

त्याच आठवड्यात पुष्पाबाई रजेवरून परतल्या. नातीचे पेढे वाटले. मग बेबीनंदाला विचारलं, “ती साळूबाई गं, छातीची. तिची लेक आल्ती का?”

“आल्ती. सगळं झाल्यावर. आईनं तिचा नंबर न्हाई दिला म्हणून लई रडकुंडीला आली होती.”

“न्हाई कसा दिला? मी माझ्या हातानं लिहिला. तिनं मला वाचून दाखवायला लावला.”

दोघींनी ओळ उघडली. स्क्रीननं सहा मागितलं, मी पुढे झालो, आणि अर्पिताचा नंबर स्क्रीनवर लख्ख उमटला.  गडी होता, निघतो म्हणले, हे आपण कुणाला आणि काय सांगितलं, ते बेबीनंदाला आता कळत होतं. मग तिनं फोन उचलला.

“आधी सरांना इचार,” पुष्पाबाई म्हणाल्या.

डॉक्टर अण्णासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनाही लागलं असावं, चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. पण शेवटी म्हणाले, “आता फोन करून तिला काय सांगणार? तुझी आई वाट बघत होती, आमच्यामुळे तू आली नाहीस, हेच ना? तिला तरी त्याचा काय उपयोग? उलट जास्त त्रास. आणि नवरा शिकलेला माणूस आहे, उद्या वकील घेऊन येईल. दवाखाना तुमचाही आहे.”

“पण सर, तिला वाटून राह्यलंय की आईनं…”

“बेबीनंदा,” डॉक्टर म्हणाले. तिचं नाव घेतलं त्यांनी, आणि तिनं ओळ बंद केली. तिच्या घरात कमावणारी ती एकटी आहे. तिला मी दोष देणार नाही. पुष्पाबाई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

दुपारी सोमेश्वर पुन्हा आला. डॉक्टर त्याला आत घेऊन बोलले, मग तो माझ्यापुढे येऊन बसला. यावेळी गाडीवर पाय नव्हता, सावकाश बसला. त्यानं साळूबाईची ओळ मागवली. नाव, गाव, वय, तारीख, आजार, भुजंग, अर्पिता. थोडा वेळ तो तिच्याकडे पाहत होता, आणि मग त्यानं ओळ पुसली.

आमच्यात गेलेल्याची जागा मोकळी राहत नाही. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींच्या शेजारी येतात आणि मधे कुणी होतं असं वाटतही नाही. मला आता तो नंबर येत नाही. मी सांभाळणारा होतो, पाठ करणारा नव्हतो. काउंटरच्या लाकडावर पडलेल्या थापांचा ठेका तेवढा आठवतो. जोडी, थाप. जोडी, थाप. आकडे गेले.

आता मला सहा नंबर म्हणतात. कालच डॉक्टर सोमेश्वरला म्हणत होते की पेशंटचा विमा आहे का, तेही मधेच कुठेतरी दिसायला हवं. तो “करून टाकू सर” म्हणाला. म्हणजे मी आणखी एक पाऊल मागे सरकणार. त्यानंतर एखादं पोर, एखादा म्हातारा, एखादी बाळंतीण, दाराजवळच्या खाटेवर कोण असेल ते सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी असली कामं करत असेल तर हात जोडून सांगतो, आम्हाला नावानं हाक मारा. टाईप करायला दोन अक्षरं जास्त लागतील. मला हे कुणी ऐकेल असं वाटत नाही, तरी सांगतो.

आणि अर्पिता, तू तर हे ऐकणारच नाहीस. तुझ्या आईनं तुझाच नंबर दिला होता, भावाचा नाही. तिनं तो वाचून घेतला, थापांवर जुळवून पाहिला आणि बराबर हाय म्हणाली. ते स्टूल तुझ्यासाठी होतं. तू काचेच्या पलीकडे उभी होतीस तेव्हाच मी हे सांगितलं असतं. मला कुणी नावानं विचारलं नाही.